टाकीतली चिलापी तलावात सोडू का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जगात तीनच नर उरलेल्या माशाची बातमी खरी का, आणि टाकीत मावेनाशी झालेली चिलापी हिप्परगा तलावात सोडली तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. सोडू नका.

बातमी खरी, पण अर्धीच. तो मादागास्करच्या उत्तरेकडचा मांगाराहारा सिक्लिड; सिक्लिड हे माशांचं एक कुळ. २०१३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगभर आवाहन केलं, कोणाकडे मादी आहे का? त्यांच्याकडे दोन नर होते, बर्लिनला एक. बर्लिनमध्ये जोडी लावायचा प्रयत्न झाला होता, पण नराने मादीला मारून टाकलं. सिक्लिड पाळणाऱ्यांना हे दुःख माहीत आहे. आवाहन वाचून मादागास्करमधला एक व्यावसायिक पुढे आला, शोधमोहीम निघाली आणि त्याच वर्षी अठरा मासे जिवंत सापडले. मला अजूनही ते आठवून बरं वाटतं.

ही वेळ आली कशामुळे? शेतीसाठी नदी अडवली, पाणी वळवलं, पात्राचे लांब पट्टे कोरडे पडले. उन्हाळ्यात भीमेचं पात्र पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण ज्या माशाचं सगळं जग एकाच नदीत, त्याने जायचं कुठे? मादागास्करच्या नद्यांत दुसरं संकट बाहेरून आणलेल्या माशांचं, आणि त्यात चिलापी आहेच.

चिलापीही सिक्लिडच, आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, कमी प्राणवायूच्या गढूळ पाण्यातही टिकते, म्हणून तिची वीण झपाट्याने वाढते. उजनीच्या जाळ्यात काय येतं ते मासळी बाजारात बघा. ‘तिथे आधीच आहे, एकीने काय होणार’ असं म्हणाल, तर टाकीतला मासा सोबत परजीवी आणि रोगही नेतो.

आपल्या देशातले मूळचे सिक्लिड अवघे तीन. त्यातला कॅनरा पर्लस्पॉट दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्याच नद्यांत राहतो आणि तो संकटग्रस्त यादीत आहे. हौशी लोकांसाठी त्याला नदीतून पकडतात. दुकानात दिसला तर टाकीत पैदास केलेला आहे का, हे विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

तुमची चिलापी दुकानदाराला परत द्या, नाहीतर शेततळं नसलेल्या, मोठी टाकी असलेल्या कोणाला. कोणीच घेतली नाही, तर ती खाण्याचा मासा आहे. आणि टाकीचं पाणी ओढ्यात ओतू नका, त्यात पिल्लं असू शकतात. कुंड्यांना घाला.