कव्हरवर पाच चेहरे आणि बुकिंगचा नंबर

प्रश्न: आम्ही साताऱ्याचे पाच मित्र, सहा गाण्यांचा रॅप अल्बम घरच्या घरी रेकॉर्ड केलाय. कव्हरवर पाचही जणांचे फोटो, मागे अजिंक्यतारा, सोनेरी अक्षरात नाव आणि खाली बुकिंगचा नंबर असं डिझाइन आहे, सोबत पाठवलंय. एक मित्र म्हणतो आता सीडी कोण घेतं, सगळे फोनवर ऐकतात, कव्हरवर कशाला डोकं लावायचं? खरंय का?

उत्तर: सीडी कोणी घेत नाही हे खरंय, पण कव्हर ही आधीपासून जाहिरातच होती ना. पूर्वी अमेरिकेत रेकॉर्डचे अल्बम साध्या तपकिरी-करड्या पुठ्ठ्यात यायचे, दुकानात पुस्तकांसारखे नुसते कणे दिसायचे. १९४० मध्ये कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या विशीतल्या पोराने न्यूयॉर्कच्या एका थिएटरवाल्याला पटवलं, बाहेरच्या झगमगत्या पाटीवरची अक्षरं काढून तिथे अल्बमचं नाव लावून घेतलं आणि त्याचा फोटो कव्हरवर छापला. म्हणजे पहिलं कव्हर हीच एक पाटी!

आणि मग पाट्या खरंच रस्त्यावर आल्या. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावर 'द डोअर्स' या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचं होर्डिंग लागलं, मग बाकीच्या कंपन्यांनी पण तेच सुरू केलं. ही होर्डिंगं हाताने रंगवलेली असायची आणि बघणारा गाडीत, सिग्नल सुटला की गेला, त्यामुळे सगळं एका नजरेत कळायला हवं. १९६९ ला बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमचं लागलं, झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेले चौघं, डोकी बोर्डाच्या वर निघालेली, तर एका रात्री कोणीतरी पॉल मॅकार्टनीचं डोकंच कापून नेलं. पॉल मेलाय अशी अफवा तेव्हा जोरात होती, त्यात हे, मग काय विचारता.

तुमचं कव्हर मी फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहिलं. पाच चेहरे म्हणजे पाच साबुदाणे, किल्ला म्हणजे काळा डाग, आणि सोनेरी नाव पिवळ्या उजेडात गुडूप. रागावू नका, पण हा वाढदिवसाचा फ्लेक्स झालाय, त्यात सगळ्यांना जागा द्यावीच लागते नाहीतर कोणीतरी रुसतं. लिस्टमध्ये बोट सरकवणारा माणूस त्या गाडीवाल्यापेक्षा पण घाईत असतो. एकच गोष्ट ठेवा. अजिंक्यताऱ्याची फक्त बाह्यरेषा, एका रंगाच्या पार्श्वभूमीवर, बास. आणि तेच चित्र, तोच रंग स्टेटसला, रीलच्या सुरुवातीला, कार्यक्रमाच्या पोस्टरवर वापरा. पाच जणांचे फोटो पोस्टला टाका की, तिथे कोण अडवतंय.

बुकिंगचा नंबर मात्र आजच काढा. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकसारख्या ठिकाणी कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट, इन्स्टाचं हँडल चालत नाही, अल्बम अडकून पडेल. फाइल चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेलची द्या.

प्रश्न: पिंक फ्लॉइड बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बमच्या कव्हरवर बँडचं नाव नाही, मग आम्ही पण नाव काढून टाकलं तर?

उत्तर: १९७३ मध्ये तो अल्बम आला तोपर्यंत पिंक फ्लॉइडला लोक ओळखत होते, तुम्हाला अजून गल्ली ओळखते. त्यातही गंमत बघा, हिप्नोसिस या डिझाइन कंपनीचं ते प्रिझमचं चित्र, काचेच्या त्रिकोणातून उजेडाचे रंग फुटतात ते, इतकं सोपं आहे की शाळेतलं पोरगं वहीत काढेल, इंद्रधनुष्यातले रंगसुद्धा सातच्या जागी सहाच घेतलेत, तरी कोणाचं काही अडलं नाही. ॲपमध्ये कव्हरसोबत नाव लिहिलेलं असतंच, तिथे चालून जाईल. पण कोणी नुसतं चित्र व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं की नाव गायब. तेव्हा नाव राहू द्या, मोठं आणि जाड, सोनेरी तेवढं नको.