तळ्याचं कर्ज आणि मुलीची बारावी

पेण तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलंय. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भाड्याने घेतलेल्या चार तळ्यांत ते व्हनामी जातीची कोळंबी करतात. 2025 चं उन्हाळी पीक जूनच्या पहिल्या आठवड्यात काढायचं होतं. पाऊस मे महिन्यातच आला आणि दोन तळ्यांतला माल गेला. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय. आई म्हणते, नर्सिंग कर. वडील विचारतात, "हवामान असंच फिरणार असेल तर पोरीला या धंद्यात घालू का? की शिकून आली तर आपली तळी सावरेल?"

स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य मला आधी खटकलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तळी सावरण्यासाठी पोरीला चार वर्षं शिकायला पाठवू नका. ती परत येईपर्यंत तुमची आठेक पिकं होऊन गेलेली असतील. तळी आत्ताच सावरायला हवीत, आणि ती तुम्हालाच सावरावी लागतील.

त्या मे महिन्यात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तरी एकदा मांडते. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली राहतं. दोन थर मिसळले नाहीत की तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि कोळंबी तर तळाशीच असते. ढगांमुळे शेवाळ मरतं, ते कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. पाण्याचा सामू (pH) आणि क्षार उतरतात. नेमकी तेव्हा कात टाकलेली कोळंबी असेल तर तिचं कवच लवकर कडक होत नाही. प्राणवायू सगळ्यात कमी असतो पहाटे, उजाडायच्या आधी. आणि वीज जाते तीही अशाच रात्री!

यावर उपाय करणारे लोक आहेत. पाऊस सुरू झाला की पाणी सोडायच्या दाराच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी वाहून जाऊ द्यायचं, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) बंद ठेवायचे नाहीत, खाद्य निम्म्यावर आणायचं किंवा थांबवायचं, बांधावर आधीच चुना मारून ठेवायचा. पण खरा फरक पडतो तो वेळापत्रकात. बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, थेट तळ्यात न सोडता तीन-चार आठवडे नर्सरीच्या टाकीत वाढवलं, तर मोठ्या तळ्यातले तेवढे दिवस वाचतात. तुमचा माल मेच्या मध्यालाच निघाला असता. मोसमी पाऊस मुंबईत साधारण 11 जूनला येतो, 2025 ला तो 26 मेलाच आला. जुन्या तारखांवर पीक लावणं आता जुगार झालाय. सगळं पीक एकदम काढण्याच्या हट्टापेक्षा मध्येच थोडा माल विकून तळ्यातली गर्दी कमी केलेली बरी.

पावसाळ्यात जिताडा मासा विसरू नका. तुमच्याकडचे जुने लोक तळ्यात तो उगाच पाळत नव्हते. त्याला खारं चालतं, गोडंही चालतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये त्याची हॅचरीत (पिल्लं तयार करायच्या केंद्रात) पैदास केली, तेव्हापासून उधाणाबरोबर आत येणाऱ्या पिल्लांवरच अवलंबून राहायचं कारण उरलं नाही. फक्त पिल्लं लहान-मोठी वेगळी करत राहा, नाहीतर मोठी लहानांना गिळतात. केरळातल्या पोक्काळी शेतांत आणि व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात तर एकाच शेतात पावसाळ्यात भात आणि कोरड्या महिन्यांत कोळंबी घेतात. आपल्याकडे खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की भात आणि खारं पाणी यांचं भांडण लागतं, तिथे त्यांनी महिने वाटून घेतलेत.

आता मुलीचं. हवामान बिघडतंय म्हणून हे शिक्षण वाया जाईल, असं मला वाटत नाही. पाणी वाचता येणारा माणूस पूर्वी चैन होता, आता त्याच्याशिवाय तळं चालत नाही. बी.एफ.एस्सी. ही मत्स्यशास्त्राची पदवी चार वर्षांची. रत्नागिरीचं महाविद्यालय 1981 पासून आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. नागपूर आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत. पुढे एम.एफ.एस्सी.साठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. काम मिळतं ते रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत, खाद्य कंपन्यांच्या फिरतीवर, निर्यात कारखान्याच्या गुणवत्ता विभागात, मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा देऊन आणि हॅचरीत. हॅचऱ्या मात्र बहुतेक आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, म्हणजे घर सोडावं लागेल. सुरुवातीचा पगार नर्सिंगपेक्षा जास्त असेलच असं नाही. तळ्यावरच्या नोकरीत रात्रपाळी असते. मुलींनी राहायची सोय आणि संडास कुठे आहे हे आधी विचारावं. लाजायचं कारण नाही.

वहिनींची काळजी मला पटते. नर्सिंगचं काम गावाजवळ मिळतं आणि ते कष्टाचं, मानाचं काम आहे. पण ज्या मुलीला रक्त बघवत नाही तिला तिथे ढकलू नका. तिला बघवतं का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. पुढचं बी सोडाल तेव्हा तिच्या हातात वही द्या. पहाटे पाच आणि दुपारी तीनला तापमान, क्षारता, प्राणवायू, आणि चेक ट्रेमध्ये (कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात ठेवतात त्या ताटात) उरलेलं खाद्य, एवढंच लिहायचं. व्हनामीला 28 ते 32 अंश मानवतं, त्याच्या बाहेर आकडा गेला की लाल पेनाने गोल. अभ्यासाच्या दिवसांत रोज नको, सुट्टीतले पंधरा दिवस पुरेत. पंधराव्या दिवशी ती कंटाळलेली दिसते की "बाबा, काल ढग होते म्हणून आज प्राणवायू उतरला का?" असं विचारते, ते बघा. आणि मला कळवा.

शेवटचं, न विचारलेलं. तळ्यांसाठी नवं कर्ज घ्याल तेव्हा ती अठरा वर्षांची झालेली असेल. जामीनदार म्हणून तिची सही घेऊ नका.