एम. ऑप्टोमसाठी ६ लाखांचं कर्ज: शिकवण्याच्या पगारातून फिटेल का?

प्रश्न: वय २७, कोल्हापूर. बी. ऑप्टोम (डोळे तपासून चष्मा-लेन्स देण्याची पदवी) झालंय, ऑप्टिकल शोरूममध्ये नोकरी आहे, हातात ३२,००० येतात. घरीच राहते. पुण्याला त्याच विषयातलं दोन वर्षांचं पदव्युत्तर एम. ऑप्टोम करून कॉलेजात कॉन्टॅक्ट लेन्स शिकवायची इच्छा आहे. फी वर्षाला ३ लाख, त्यासाठी कर्ज काढावं लागेल. एफडी २.४ लाखांची आहे. राहण्या-जेवणाचं बाबा पेन्शनमधून बघतील. शिक्षण झाल्यावर ४०,००० पगार देऊ, असं एका कॉलेजने तोंडी सांगितलंय. नोकरी सोडू का?

उत्तर: या जूनमध्ये सोडू नका. पुढच्या जूनला सोडायची की नाही, ते कशावर ठरवायचं हे खाली सांगतो.

तुमच्या हिशेबात फक्त फी आली आहे. दोन वर्षांचा बुडालेला पगार ७.६८ लाख होतो. पुण्यात राहायला घरच्यापेक्षा महिन्याला ७,००० जादा धरले, तर १.६८ लाख. फी धरून एकूण १५.३६ लाख, आणि यात कर्जाचं व्याज अजून आलेलंच नाही. समोरचा फायदा किती? दोन वर्षांत शोरूमचा पगारही वर्षाला ६ टक्क्यांनी वाढून ३६,००० च्या आसपास गेला असता. म्हणजे ४०,००० पगाराने महिन्याला जेमतेम ४,००० जास्त मिळतील, वर्षाला ४८,०००. एवढ्यात हे पैसे तीस वर्षांतही वसूल होत नाहीत.

तरीही मी सरळ नाही म्हणत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स शिकवणाऱ्याच्या हातात एक कसब असतं आणि त्याला कॉलेजाबाहेर पैसे मिळतात. केराटोकोनसच्या (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा होतो, त्या आजाराच्या) पेशंटला आरजीपी (कडक, हवा आत जाऊ देणारी) किंवा स्क्लेरल (मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी) लेन्स बसवून देणारे लोक जिल्ह्याच्या ठिकाणी फार थोडे आहेत. नेत्रतज्ज्ञ असे पेशंट पुण्या-मुंबईला पाठवतात. एका पेशंटमागे लेन्सची किंमत वजा जाता २,००० उरतात आणि महिन्याला ६ पेशंट होतात, असं धरा (इथे तुमच्या भागातले खरे आकडे घाला). १२,००० झाले. पगारातले ४,००० मिळवले की वर्षाला १.९२ लाख, आणि १५.३६ लाख आठ वर्षांत भरून निघतात.

हे १२,००० मात्र सहज येत नाहीत. एका पेशंटच्या चार-पाच फेऱ्या होतात: ट्रायल, ऑर्डर, लेन्स घालायला-काढायला शिकवणं, मग तपासणी. स्क्लेरल लेन्स सकाळी छान बसलेली दिसते, पण काही तासांत शंभरेक मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) डोळ्याकडे आणखी आत बसते. म्हणून लेन्स घातल्या घातल्या पाहून दिलेली ऑर्डर चुकते. आरजीपीत बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) ०.०५ मिमीने स्टीप, म्हणजे जास्त वक्र, केला तर पॉवरमध्ये -०.२५ वाढवावी लागते. हे विसरलं की लेन्स पुन्हा बनवावी लागते, आणि लॅब बदलून देत नसेल तर ते पैसे तुमच्या खिशातून जातात. म्हणून लॅबची बदलून देण्याची मुदत आधी विचारा, दर नंतर.

सगळा निर्णय एका ओळीवर टेकलाय: कॉलेजच्या वेळेबाहेर प्रॅक्टिस करायची परवानगी नियुक्तिपत्रात आहे का? काही संस्थांत ती नसते. नेमणूक कायम आहे, ११ महिन्यांच्या करारावर आहे की तासिका तत्त्वावर, हेही बघा. तासिकेवर असाल तर सुट्ट्यांत पगार बंद, हप्ता मात्र चालू. पीएफ कापतात का, कागदावरचा आकडाच खात्यात येतो का, हे तिथे आत्ता शिकवणाऱ्या दोघांना तरी विचारा.

मधलं वर्ष वाया जात नाही. नोकरी ठेवून शनिवारी एखाद्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये कॉन्टॅक्ट लेन्सचं काम मागा, जवळच्या कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून काही तास मिळतात का बघा. कॉन्टॅक्ट लेन्स शिकवणाऱ्यांची आयॅकल ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ पासून आहे. तिची फेलोशिप परीक्षा पुढे द्यावी, पण तेवढ्याने पगार वाढेल असं धरू नका. वर्षभरात महिन्याला दोन पेशंटही जमले नाहीत, तर वरचे ६ विसरा आणि कर्जही विसरा.

जमले, तर कर्ज असं घ्या. १० टक्के दर धरला आणि फी दोन हप्त्यांत उचलली, तर शिक्षण आणि त्यानंतरचं हप्ता नसलेलं एक वर्ष मिळून साधं व्याज १.५ लाख साचतं. ते मुद्दलात गेलं की सात वर्षांचा हप्ता साधारण १२,४५० पडतो. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं, तर हप्ता ९,९६० वर येतो. पहिल्या वर्षी महिन्याला २,५०० आणि दुसऱ्या वर्षी ५,०००, मिळून ९०,००० एफडीतून काढा. तिसऱ्या वर्षाचं व्याज पगारातून द्या. उरलेल्या १.५ लाखांना हात लावू नका. असं व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात सूट देतात, तीही मागून घ्या.

व्याजावर करसवलत मिळते, ही गोष्ट तुमच्या निर्णयात धरू नका. ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर लागणारच नाही, मग सवलत कशातून घेणार?

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेचं (कर्ज बुडालं तर बँकेला हमी देणाऱ्या) संरक्षण असतं, त्यामुळे बाबांचं घर तारण ठेवायला तयार होऊ नका. सहकर्जदार म्हणून त्यांची सही लागेल. तुम्हाला काही झालं तर कर्ज त्यांच्यावर येऊ नये म्हणून कर्जाएवढा साधा टर्म विमा स्वतःच्या नावावर घ्या. बँक जी एकरकमी प्रीमियमची पॉलिसी कर्जातच मिळवून देते ती नको, कारण त्या प्रीमियमवरही तुम्ही सात वर्षं व्याज भरत राहाल.