दुचाकी गॅरेजसाठी पाने-पकडी: स्वस्त सेट, टपारिया की महागडा जर्मन ब्रँड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयटीआय झालंय, दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज टाकताय, हत्यारांसाठी 20 हजार बाजूला काढलेत. ऑनलाइन मिळणारा 46 नगांचा गोटी (सॉकेट) सेट घेऊन सुरुवात करावी, सगळं टपारियाचं घ्यावं, की थोडं थांबून अमेरिकेची स्नॅप-ऑन किंवा एखाद्या जर्मन कंपनीचं एकदाच काय ते घ्यावं?

माझं उत्तर: तिन्ही नको. ब्रँड सेटला लावू नका, एकेका नगाला लावा. काही हत्यारं खराब निघाली तर तीच मोडतात, बाकी काही बिघडत नाही. हातोडा त्यातलाच. काही मात्र स्वतः धडधाकट राहतात आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवरचा बोल्ट खातात. पैसे या दुसऱ्या प्रकारावर घाला. बाकीच्याला भारतीय मधल्या दर्जाचा माल पुरून उरतो, आणि काही ठिकाणी तर सगळ्यात स्वस्तही चालतो.

बोल्ट खाण्याचं आधी समजून घ्या, म्हणजे दुकानात उभ्या उभ्या तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. एम6 (म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या आट्याच्या) बोल्टचं 10 चं डोकं प्रत्यक्षात 9.78 ते 10.00 मिलिमीटरच्या मध्ये कुठेही असतं, आणि तेवढं नियमात बसतं. पान्याचं तोंड 10 पेक्षा थोडं मोठं ठेवावंच लागतं, नाहीतर तो चढणारच नाही. प्रश्न या ‘थोडं’चा आहे. पाना फिरवला की आधी हा मोकळा भाग संपतो, मग तोंडाची कड डोक्याच्या कोपऱ्याजवळ टेकते. मोकळीक जितकी जास्त, तितकं टेकणं कोपऱ्याच्या टोकाकडे सरकतं आणि सगळा जोर धातूच्या एका बारीक रेघेवर येतो. मग कोपरा दबतो, पाना घसरतो, डोकं गोल. फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना तर सहातले दोनच कोपरे धरतो. म्हणून सोडवताना पहिला झटका रिंग पान्याने किंवा गोटीने, आणि बोल्ट ढिला झाल्यावर फिरवायला फिक्स पाना, ही शिस्त कुठल्याही ब्रँडपेक्षा जास्त बोल्ट वाचवते.

दुकानात जाताना खिशात एक नवा एम6 आणि एक नवा एम8 बोल्ट ठेवा, आणि जमलं तर व्हर्नियर. बोल्टवर पाना चढवून डावी-उजवीकडे हलवा. किती अंश नुसताच हलतो ते डोळ्यांनाच दिसतं. एकाच दुकानात तीन ब्रँडचे 10 चे पाने ओळीने लावून पाहिले तर फरक सांगावा लागत नाही. व्हर्नियरवर 10 चं तोंड 10.3 च्या वर भरलं तर तो पाना परत ठेवा, नाव काहीही असो.

पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा छाप असतो, त्याला भुलू नका. पोलाद कुठलं ते त्यावरून कळतं, त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून किती कडक केलंय, ते कळत नाही. पाणी कमी पडलं तर जोर लावल्यावर फिक्स पान्याचा जबडा फाकतो आणि फाकलेलाच राहतो. तो पाना पुढे प्रत्येक बोल्ट खाणार. पाणी जास्त झालं तर जबड्याचा टवका उडतो. तपासायची आणखी एक जागा म्हणजे रिंगच्या भिंतीची जाडी. स्वस्त पोलादाचा कमकुवतपणा झाकायला भिंत जाड ठेवतात, आणि मग इंजिनच्या पंख्यांजवळ किंवा फ्रेमच्या कोपऱ्यात ती रिंग बसतच नाही. महाग पान्याचे पैसे बऱ्याच अंशी या पातळ तरीही न फाकणाऱ्या भिंतीचे असतात.

गोटीत तोंडाची आतली उतरती कड बघा. स्वस्त गोट्यांना ती मोठी असते, म्हणजे पहिले दीड-दोन मिलिमीटर गोटी काहीच धरत नाही. जाड डोक्याच्या बोल्टला याने फरक पडत नाही. पण जपानी वळणाच्या गाड्यांत क्रँककेसच्या कव्हरला 8 च्या डोक्याचे एम6 फ्लँज बोल्ट असतात. त्यांचं डोकं आधीच बुटकं, त्यातलं अर्धं या कडेत गेलं तर उरलं काय? म्हणून 8 आणि 10 च्या गोट्या चांगल्यातल्या घ्या, आणि सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी बसवायला सोपी, पण गंजलेल्या डोक्यावर तीच आधी घसरते.

आता त्या 46 नगांच्या सेटबद्दल. त्यातला ड्राइव्ह (गोटी ज्यावर बसते तो चौकोनी खुंटा) पाव इंची, म्हणजे दोन सुती. गोट्या साधारण 4 ते 14 पर्यंत, एक रॅचेट (एकाच दिशेने जोर लावणारं, उलट नुसतं टकटक फिरणारं हँडल), एक्स्टेन्शन आणि बाकी आकडा भरायला बिट्स. फेअरिंग, बॅटरी, साइड कव्हर, कार्ब्युरेटर एवढ्यासाठी तो चालतो. घोळ 12 आणि 14 च्या गोट्यांमुळे होतो. त्या सेटमध्ये आहेत म्हणून माणूस त्यांच्यावर जोर काढतो, आणि पाव इंची एक्स्टेन्शन दोरीसारखं पिळतं किंवा रॅचेटचा खटका सुटून बोटं फ्रेमवर आपटतात. एम8 बोल्टला 22 ते 25 न्यूटन मीटर (पिळाच्या जोराचं माप) लागतात, तिथवर हा ड्राइव्ह ठीक. त्यापुढे अर्धा इंची, म्हणजे चार सुती ड्राइव्ह लागतो. बिट्स मऊ असतात, त्या हिशेबात धरूच नका.

रॅचेटमध्ये लोक दात मोजतात. 24 दातांचं रॅचेट 15 अंशांना एक टक करतं, 72 दातांचं 5 अंशांना. अडचणीच्या जागी 72 चं सोयीचं, यात वाद नाही. पण दात बारीक झाले की खटक्याची पकडही बारीक होते, आणि ती टिकवायला घडण अचूक लागते. स्वस्त 72 दाती रॅचेटपेक्षा स्वस्त 24 दाती रॅचेट जास्त भरवशाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे असतील तर एक चांगलं 72 दाती, तीन सुती ड्राइव्हचं घ्या. आणि जाम नटावर रॅचेट लावूच नका. त्यासाठी अर्धा इंची एल हँडल किंवा स्लायडिंग टी घ्या. त्यात फिरता भागच नसल्याने बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि साधं भारतीय बनावटीचं घेतलं तरी वर्षानुवर्षं जातं. मागच्या चाकाचा अॅक्सल नट त्यानेच सोडवा.

स्क्रू ड्रायव्हर हा विषय आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जपानी वळणाच्या गाड्यांच्या अनेक चौफुली स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्या खाचेचा घाट नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडा वेगळा. फिलिप्सचं टोक त्या खाचेच्या तळाला आधी टेकतं, बाजूच्या भिंती नीट धरत नाही, आणि पिळलं की वर उसळतं. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे एम4 स्क्रू आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू असेच फुकट जातात. ‘जेआयएस’ (जपानी औद्योगिक मानक) लिहिलेला 2 नंबरचा ड्रायव्हर घ्या. व्हेसेल ही जपानी कंपनी ते बनवते. ठिपका नसलेल्या स्क्रूवरही तो बरा चालतो. या एका नगाला जास्त पैसे द्यायला कचरू नका. घट्ट बसलेल्या केस स्क्रूला मात्र कुठलाच हाताचा ड्रायव्हर लावू नका, हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि 3 नंबरचा बिट लावा. तो ड्रायव्हर स्वस्त चालेल, बिट चांगला हवा.

पकडीत टपारिया घ्या आणि पुढे चला. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली ही कंपनी, आणि तिची 8 इंची कॉम्बिनेशन पक्कड वायरमनपासून फिटरपर्यंत सगळ्यांच्या पिशवीत असते ती उगाच नाही. घेताना पक्कड मिटून उजेडापुढे धरा. कटरच्या दोन धारांमधून उजेड दिसता कामा नये. सांध्यात बाजूला हलते का बघा. मग वायरची एकच बारीक तार कापून बघा. तार कापली न जाता धारांमध्ये दुमडली तर दुसरी पक्कड मागा. एकाच खोक्यातल्या दोन नगांतही फरक निघतो. जर्मन क्निपेक्सची कोब्रा ही वॉटर पंप प्लायर हातात घेतली की सोडवत नाही हे खरं, पण आपल्या साध्या वॉटर पंप प्लायरच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि दुचाकीच्या कामात ती रोज लागत नाही. ती पुढच्या वर्षी. सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर मात्र अगदी हलका घेऊ नका. त्याची टोकं वाकली की क्लिप उडते, ती डोळ्यावरही येऊ शकते.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘टक’ करणारा पाना, घेताना बहुतेक जण एकच चूक करतात. स्वस्तात मिळतो तो अर्धा इंची, 28 ते 210 न्यूटन मीटरचा, आणि तो दुचाकीसाठी घेतला जातो. एम6 ला साधारण 10 न्यूटन मीटर लागतात. त्या रेंचवर 10 हा आकडाच नाही. मेकॅनिक अंदाजाने ‘टक’ची वाट बघतो, टक काही येत नाही, आणि अॅल्युमिनियममधले आटे बाहेर येतात. तुम्हाला 5 ते 25 चा पाव इंची रेंच आधी हवा. मोठा नंतर. हा ब्रँड बघून घ्यायचा नग आहे, कारण त्याची चूक डोळ्यांना दिसत नाही. आयएसओ 6789 (टॉर्क रेंचचं आंतरराष्ट्रीय मानक) चं प्रमाणपत्र आणि त्यावर रेंचवरचाच अनुक्रमांक आहे का ते तपासा. या प्रकारच्या रेंचला 10 न्यूटन मीटरच्या वर अधिक-उणे 4 टक्के इतकीच चूक चालते. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली सैल करू नका. त्याने बोल्ट सोडवू नका. वर्षातून एकदा किंवा 5000 वेळा वापरून झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्या. पुणे, मुंबई, नाशिक पट्ट्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत.

स्वस्तात काय घ्यायचं? हातोडा, रबरी मॅलेट, छिन्नी, हॅक्सॉची फ्रेम (पातं मात्र चांगलं), टायर लिव्हर, चुंबकाची वाटी, प्लगचा नळीसारखा बॉक्स पाना. मॅग्नेट पुलर (इंजिनवरचं मॅग्नेट ओढून काढायचं), क्लच होल्डर यांसारखी खास हत्यारं स्थानिक बनावटीची चालतात. फक्त पुलर आधी हाताने पूर्ण आट्यात चढतो का बघा, आणि मगच पाना लावा. पुढे कॉम्प्रेसर आणि इम्पॅक्ट गन आली की चकचकीत क्रोमच्या गोट्या तिला लावू नका, त्या तडकून उडतात. तिच्यासाठी काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या येतात.

आजीवन वॉरंटीचं आकर्षण असेल तर एक लक्षात घ्या. स्नॅप-ऑनची प्रसिद्धी अमेरिकेत ज्या गोष्टीवर उभी आहे ती म्हणजे गॅरेजच्या दारात नियमित येणारी विक्रेत्याची गाडी: मोडलेला नग द्या, नवा घ्या. ती गाडी तुमच्या दारात येणार नाही. इथे 12 चा पाना हरवला (मोडण्यापेक्षा हरवण्याचंच प्रमाण जास्त!) तर पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन तासाभरात सुटा नग मिळतो का, हीच तुमची खरी वॉरंटी. भारतीय ब्रँड इथे सरळ जिंकतात. शिवाय नाव जर्मन वाटलं म्हणून माल जर्मन नसतो. ‘मेड इन’ वाचा. उलट जालंधर-लुधियानाचे कारखाने परदेशी नावांसाठीही हत्यारं बनवून निर्यात करतात.

तर 20 हजारांचं असं करा. साधारण निम्मे पैसे भारतीय बनावटीचे फिक्स आणि रिंग पाने, अर्धा इंची गोटी सेट आणि पकडी यांवर. पाने 8, 10, 12, 14, 17, 19, 22, 24 हवेतच. शिवाय 13 घ्या, कारण एम8 ला जपानी वळणाच्या गाड्यांत 12 चं डोकं असतं आणि इतर अनेक ठिकाणी 13 चं. बाकीच्यातून छोटा टॉर्क रेंच, जेआयएस ड्रायव्हर, एक चांगलं रॅचेट, 8-10-12 च्या सहा कोनी गोट्या आणि चांगल्या एलन की. 4, 5 आणि 6 च्या एलन की कधीच सेटमधल्या फुकट आलेल्या वापरू नका. त्यांचे कोपरे आधी गोल होतात आणि बोल्टची खाच सोबत नेतात. दोन-तीन हजार हातात ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत कुठला पाना रोज हातात येतो ते कळेल, मग त्याच मापाचा चांगला नग घ्या.

बिल घ्या, जीएसटी नंबरसकट. चालणाऱ्या ब्रँडची नक्कल बाजारात असते. पान्यावरची अक्षरं पुसट, कडा न घासलेल्या, प्लेटिंगला फोड आणि भाव नेहमीपेक्षा फारच खाली, असं एकत्र दिसलं की नग खाली ठेवा. सोललेलं क्रोम पात्यासारखं बोट कापतं.