सासूबाई उठून कुठे जातील?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र सावकाश वाचलं. पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलीस, लग्न होऊन फोंड्याला आलीस आणि आता सासरच्या घरातच, कुणाला न सांगता कलेचे प्रयोग करतेस. एका सकाळी सोप्यावर विळी घेऊन नारळाची रिकामी करवंटी खवत बसलीस, नजर समोर, तोंडातून शब्द नाही. पदेर, म्हणजे पाववाला आला, भोंपू वाजवला, हाका मारल्या आणि पायरीवर पोया (पाव) ठेवून पैसे न घेताच गेला. मग गेल्या महिन्यात ओल्या साडीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर निपचित पडलीस. सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं, शेजाऱ्यांना बोलावलं, त्यांचं बीपी चढलं. तेव्हापासून त्यांनी अबोला धरलाय, नवरा म्हणतो ‘ही थेरं बंद कर’, आणि तू विचारतेस, यांना कला समजावू कशी?

थेरं नाहीत ही, आधी हे सांगते. रिकामी करवंटी खवत राहणारी सून वाचताना माझ्या पोटात कालवलं. ॲलन कॅप्रो या अमेरिकन कलावंताने १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘हॅपनिंग’, म्हणजे चित्राऐवजी प्रेक्षकांमध्येच घडणारी कृती, केलं, त्यानंतर कित्येक कलावंतांनी रोजची साधी कामंच कला म्हणून लोकांपुढे ठेवली. बॉबी बेकर या ब्रिटिश कलावंत बाईने तर १९९१ मध्ये लंडनच्या आपल्या घरातल्या स्वयंपाकघरातच प्रयोग केला. मात्र तिच्याकडे आलेली माणसं प्रयोग बघायला म्हणूनच आली होती.

तू म्हणशील, बेसावध प्रेक्षक हाच माझ्या कामाचा जीव आहे. मान्य. ब्राझीलचा नाटककार ऑगस्तो बोआल याने सत्तरच्या दशकात पेरूत, अर्जेंटिनात ‘अदृश्य नाटक’ केलं. नट हॉटेलात जेवायचा, बिल द्यायला पैसे नाहीत म्हणायचा, आणि आजूबाजूचे लोक मजुरीवर, महागाईवर भांडायला लागायचे. हे नाटक आहे याचा त्यांना पत्ताही नसायचा. पण त्यांतल्या कुणालाही नको वाटलं तर ताट संपवून घरी जाता येत होतं. पदेरालाही सायकल पुढे काढता आली. सासूबाई उठून कुठे जातील? त्या घरीच आहेत. आपल्याकडे गोव्यात शिगम्यात (शिमग्यात) नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा मेळ दारात येतो, सोंगं येतात, ढोल-ताशांनी घर दणाणतं. पण त्या दिवशी कोण येणार हे घराला ठाऊक असतं, बायका अंगण सारवून वाट बघत असतात.

म्हणून बाय, समजावायला जाऊच नकोस. आधी माफी माग आणि त्यात कलेचं नाव काढू नकोस. ‘आई, तुम्हांला घाबरवलं, चुकलं माझं,’ एवढंच. त्या लगेच बोलतील असं नाही. बोलल्या नाहीत तरी रोजचा चहा त्यांच्या हातात नेऊन दे. बेशुद्धी, आजारपण, मरण यांचं सोंग घरात पुन्हा कधीही करू नकोस. उद्या तुला खरंच चक्कर आली तर धावायचं की थांबायचं, असा प्रश्न त्या बाईला पडता कामा नये. शेजारच्या मुलाने काढलेला तो व्हिडिओ लोकांच्या फोनवर फिरतोय असं लिहिलंयस. त्यात तुझ्या सासूबाई रडताना दिसतात. आजच्या आज त्याच्या घरी जाऊन तो काढून टाकायला सांग.

प्रयोग सोडू नकोस. सोप्यावर, अंगणात, फाटकाशी कर, जिथे येणाऱ्याला थांबायची किंवा पुढे जायची मुभा आहे. घरातल्यांना आदल्या रात्री सांग: उद्या सकाळी मी अशी बसणार आहे, मला काही झालेलं नाही. काय करणार ते सांगायची गरज नाही. पदेराला, नुस्तेकान्नीला (मासळीवालीला) काही कळायला नको, ती बेसावधच राहतील.

नवऱ्याशी मात्र वेगळं बोल, सासूबाई समोर नसताना. तू लिहितेस की त्याने तुझं एकही काम पूर्ण पाहिलेलं नाही, नुसतं लोकांकडून ऐकलंय. त्याला म्हणावं, एका रविवारी कामाला सुट्टी असताना सोप्यावर बस आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ. मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझी,
मावशी