प्लॅटिनम वाढवू नका, आधार बदला

प्रश्न : ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर) अर्धा टक्का प्लॅटिनम बसवलेला उत्प्रेरक आम्ही पिवळ्या टंगस्टन ऑक्साइडमध्ये मिसळून हायड्रोजन सोडतो. कधी भुकटी निळी पडते, कधी पिवळीच राहते. प्लॅटिनम एक टक्का करावं का?
– एम.एस्सी.चे विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : नको, एवढा महाग धातू वाया जाईल. प्लॅटिनमचं काम हायड्रोजनचा रेणू फोडण्यापुरतं. सुटे अणू तिथून ओसंडून टंगस्टन ऑक्साइडवर जातात, तेव्हा ते निळं होतं. हाच हायड्रोजन स्पिलओव्हर. शास्त्रज्ञ खूबियार यांनी १९६४ मध्ये तो अशाच मिश्रणावर दाखवला.

अडचण बहुधा वाटेत आहे. प्लॅटिनम ज्यावर बसतं तो आधार तुमच्याकडे ॲल्युमिनाचा. त्याचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) सहजी होत नाही, म्हणून त्यावर अणू प्लॅटिनमपासून जेमतेम काही नॅनोमीटर सरकतो. टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडवर) तो प्रोटॉन-इलेक्ट्रॉन अशा जोडीने लांब जातो. पाण्याचा अंश असला की प्रोटॉनची वाट सोपी होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या कोरड्या हवेत ठेवलेली भुकटी आणि श्रावणातली भुकटी सारखी वागेलच असं नाही. एकाच घाण्याचे दोन भाग करा. एकावर कोरडा हायड्रोजन सोडा, दुसऱ्यावर पाण्यातून बुडबुडे काढून आणलेला. फरक दिसला तर कारण सापडलं. मिसळताना उत्प्रेरक आणि टंगस्टन ऑक्साइड खलात दहा मिनिटं नीट घोटा. कण एकमेकांना टेकलेच नाहीत तर अणू जाणार कुठून? नुसत्या टंगस्टन ऑक्साइडचीही एक चाचणी सोबत ठेवा, ती पिवळीच राहायला हवी.

मग टायटॅनियावर करून पाहा. पाच ग्रॅम उत्प्रेरकात अर्धा टक्का म्हणजे २५ मिलिग्रॅम प्लॅटिनम, त्यासाठी क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचं हेक्साहायड्रेट साधारण ६६ मिलिग्रॅम. हे संयुग हवेतलं पाणी ओढतं. बाटली उघडी राहिली की वजन बरोबर दिसतं, पण प्लॅटिनम कमी पडतं. ते टायटॅनियावर जिरवल्यावर रात्रभर ११० अंश सेल्सिअसवर वाळवा आणि क्षपण २००–३०० अंशांवर करा. ५०० अंशांपर्यंत नेलंत तर टायटॅनियाचाच पातळ थर प्लॅटिनमवर चढतो आणि हायड्रोजन बसायला जागा उरत नाही.

हायड्रोजनआधी नायट्रोजनने नळीतली हवा काढाच, उघडण्याआधीही. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो, आणि ठिणगीचं काम प्लॅटिनमच करतं. नळी उघडल्यावर निळा रंग फिका पडू लागला तर घाबरू नका. हवेतला ऑक्सिजन तो हायड्रोजन परत घेतो.