कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीसाठी हलकी कस्टम रायफल जुळवायची असल्यास कोणते भाग निवडावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की, डेन्व्हरला स्थायिक होऊन काही वर्षे झाली आहेत, दोन हंगाम मित्राची जड रायफल घेऊन डोंगर चढून झाला आहे, आणि आता म्यूल हरीण व एल्क (हरणाच्याच कुळातला मोठा प्राणी) या दोन्हींसाठी चालेल अशी, शक्य तितकी हलकी रायफल स्वतः भाग निवडून करून घ्यायची आहे. तर अ‍ॅक्शन (काडतूस नळीत भरणारी व बाहेर काढणारी यंत्रणा), नळी, दस्ता आणि दुर्बीण यांची निवड कशी करावी. मी याच राज्यात पंधरा वर्षे शिकार करतो आहे आणि अशा दोन रायफली करून घेतल्या आहेत. पहिली चुकली, दुसरी अजून वापरात आहे. उत्तर त्या दोन्हींच्या अनुभवावरून देतो.

आधी कायद्याचे दोन शब्द, कारण आपल्या लोकांपैकी अनेकांना ते ठाऊक नसतात. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने अ‍ॅक्शनचा मुख्य सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, हीच ‘बंदूक’ असते. नळी, दस्ता, चाप हे भाग कुणीही घरी मागवू शकतो, पण रिसीव्हर परवानाधारक विक्रेत्यामार्फत, अर्ज क्रमांक ४४७३ भरून आणि पार्श्वभूमी तपासणी होऊनच हाती येतो. ग्रीन कार्ड असेल तर यात विशेष अडचण नाही. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला मात्र संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो हाती असल्याशिवाय रिसीव्हरची मागणी नोंदवू नये. भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे या चर्चेचा व्यवहारात उपयोग नाही.

आता मुद्द्याकडे येतो. माझी पहिली रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमची होती. दुर्बिणीसह तिचे वजन सहा पौंडांच्या आसपास होते, कारण नळी पेन्सिलीसारखी बारीक घेतली होती आणि जिथून म्हणून औंस काढता येईल तिथून तो काढला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती फार सुंदर दिसली. मैदानावर मात्र पूर्वी मी आनंदाने वीस गोळ्या झाडत असे, तिथे पाचव्या गोळीला खांदा नको म्हणू लागला, आणि फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, दहा हजार फुटांपेक्षा उंच जागी, चढ चढून धापा टाकत असताना १८० यार्डांवर उभ्या असलेल्या नर एल्कवर नेम धरला तेव्हा नळीचे तोंड वाऱ्यावरच्या गवतासारखे हलत राहिले. गोळी वरून गेली. चूक कारागिराची नव्हती. त्याने मी सांगितले तेच बनवून दिले होते.

त्या सकाळी जे कळले त्यावर माझे आजचे मत उभे आहे: वजन कापायचे ते वरून, मधून आणि मागून कापावे, पुढून, म्हणजे नळीतून, फार कापू नये. रायफलीचा तोल किंचित पुढे असेल तर दम लागलेल्या हातांतही तोंड स्थिर राहते. सगळे वजन मागे गेले की प्रत्येक श्वासागणिक ते डोलते. म्हणून प्रथम पूर्ण जुळलेल्या रायफलीचे एक अंतिम वजन ठरवावे आणि मग प्रत्येक भागाला त्यातला वाटा द्यावा. माझ्या मते एल्कच्या रायफलीसाठी दुर्बिणीसह, पण काडतुसांशिवाय, पावणेसात पौंड म्हणजे साधारण तीन किलो हा योग्य आकडा आहे. त्याखाली जाता येते, पण तिथे मिळणाऱ्या सुखापेक्षा द्यावी लागणारी किंमत वाढत जाते.

ती किंमत धक्क्याची असते, आणि म्हणूनच पहिला निर्णय काडतुसाचा आहे. एकाच काडतुसासाठी धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ७ एमएम-०८ रेमिंग्टन या काडतुसात १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या वेगाने सुटते असे धरले, तर आठ पौंडांच्या रायफलीत धक्का सुमारे साडेबारा फूट-पौंड भरतो आणि पावणेसात पौंडांच्या रायफलीत सुमारे पंधरा. हा सहन होतो. तेच गणित त्याच वजनाच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नमसाठी मांडले की आकडा तीसच्या वर जातो, म्हणजे दुप्पट. तोंडाला ब्रेक लावून धक्का कमी करता येतो हे खरे, परंतु ब्रेकमुळे आवाज मागे आणि बाजूंना फेकला जातो, आणि डोंगरात ऐनवेळी कानांत बोळे घालायला सवड मिळतेच असे नाही. सोबत्याच्या कानांची तर आपल्याला आठवणही राहत नाही.

कोलोरॅडोचा नियम असा आहे की रायफल किमान ६ एमएम व्यासाची असावी, नळी किमान १६ इंचांची असावी, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची असावी आणि १०० यार्डांवर तिच्यात किमान १००० फूट-पौंड ऊर्जा असावी. ही अगदी खालची पायरी झाली. १९८० साली बाजारात आलेले ७ एमएम-०८ या पायरीच्या बरेच वर, ३०० यार्डांपर्यंत पुरते, आणि तुमचा प्रश्न वाचून त्यापेक्षा लांबून गोळी झाडण्याचा तुमचा विचार दिसत नाही. .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर निवडले तरी मी आक्षेप घेणार नाही; तिन्ही आखूड अ‍ॅक्शनमध्ये बसतात आणि तिन्हींची काडतुसे छोट्या गावांतल्या दुकानांतही मिळण्याचा बराच संभव असतो. शिकारीच्या आदल्या दिवशी काडतुसांची पेटी घरी विसरल्याचे लक्षात आले की या गोष्टीचे महत्त्व कळते.

अ‍ॅक्शन काडतुसाच्या मापाचीच असावी, ही कल्पना १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्स यांनी सर्वांत नीट राबवली. त्यांची ‘मॉडेल २०’ ही अ‍ॅक्शन २० औंस वजनाची, म्हणूनच तिचे नाव ते. तिच्यावर केव्हलार आणि ग्राफाइटचा दस्ता चढवून ते जवळपास पाच पौंडांची रायफल करीत. त्यांच्या कामातून मी घेतलेला बोध असा की, मोठ्या अ‍ॅक्शनला भोके पाडून हलके करण्यापेक्षा मुळातच लहान अ‍ॅक्शन घ्यावी. आज बहुतेक कस्टम अ‍ॅक्शन १९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या बाह्य आकाराशी जुळणाऱ्या असतात, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे दस्ता, चाप, दुर्बिणीचे माउंट हे सगळे कोणत्याही चांगल्या उत्पादकाकडून घेता येते. म्हणून याच आकारातील आखूड अ‍ॅक्शन घ्यावी असे मी सुचवेन.

टायटॅनियम घ्यावे का? त्याची घनता पोलादाच्या जेमतेम साठ टक्के असल्यामुळे रिसीव्हरमध्ये काही औंस खरोखरच वाचतात, आणि ते नेमके मधून वाचतात, जिथे तोल बिघडत नाही. मात्र टायटॅनियमवर टायटॅनियम घासले की ते एकमेकांना धरून बसते, त्यामुळे बोल्ट (काडतूस पुढे ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) पोलादाचा, निदान त्याचे पुढचे डोके आणि कान पोलादाचे आहेत याची खात्री करून घ्यावी. खिशाला जड वाटत असेल तर पोलादाची अ‍ॅक्शन घ्यावी आणि वाचलेले पैसे दुर्बिणीत घालावेत.

नळीबाबत मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण माझी चूक तिथेच झाली होती. कार्बन फायबरने गुंडाळलेल्या नळ्या आता सर्वत्र दिसतात. मोंटानातील प्रूफ रिसर्च आणि युटातील क्रिस्टेन्सन आर्म्स ही त्यातली परिचित नावे. या नळ्या आपल्या जाडीच्या मानाने हलक्या असतात, परंतु पातळ पोलादी नळीपेक्षा हलक्या असतीलच असे नाही, ही गोष्ट जाहिरात वाचताना निसटते. ज्याला जाड नळीचा ताठपणा हवा आणि एका बैठकीत बऱ्याच गोळ्या झाडायच्या आहेत, त्याने त्या घ्याव्यात. आपल्याला थंड नळीतून पहिली गोळी, फार तर दुसरी, नेमकी जागी हवी असते. त्यासाठी चांगल्या कारखान्याची, क्रमांक दोनच्या आसपासच्या जाडीची पोलादी नळी पुरेशी आहे. ती तापली की गोळ्यांचा समूह सरकतो असे म्हणतात आणि बऱ्याच नळ्यांबाबत ते खरे आहे, म्हणून मैदानावर तीन गोळ्या झाल्या की नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. नळीवर खोबणी पाडून वजन कमी करायचे असेल, तर ते नळी बनवणाऱ्याकडूनच करून घ्यावे. आतून कठीण धातूचे बटण ओढून आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) पाडलेल्या नळीत ताण साठलेला असू शकतो, आणि नंतर बाहेरून धातू खरवडला तर आतले माप बदलण्याचा धोका असतो. क्रीगर किंवा बार्टलाइनसारख्या, आटे कापून काढणाऱ्या उत्पादकांच्या नळ्यांत ही भीती कमी.

लांबीवर लोक तासन्‌तास वाद घालतात. हिशेब साधा आहे: या जाडीच्या नळीच्या टोकाकडचा एक इंच साधारण एक औंसापेक्षाही कमी भरतो, आणि त्या एका इंचामागे गोळीचा वेग वीस ते तीस फूट घटतो. म्हणजे २२ ऐवजी २० इंच घेतल्याने ना फार मिळते, ना फार जाते. मी २२ इंच ठेवली, तोलासाठी. पुढेमागे आवाज दाबणारा सप्रेसर लावायचा विचार असेल तर मात्र २० किंवा १८ इंच घ्यावी, नाहीतर झुडपांतून चालताना ती लांबी नडते.

आट्यांचा पीळ ठरवताना गोळी कोणती वापरणार याचा विचार आधीच करावा. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक पीळ लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसे असलेल्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. कोलोरॅडोत तशी बंदी नाही, पण घरी मुले तेच मांस खाणार असतील तर तांब्याकडे वळावेसे वाटते. मी वळलो आहे. ७ एमएमसाठी आठ इंचांत एक फेरा हा पीळ दोन्ही प्रकारच्या गोळ्यांना चालतो.

दस्ता हा सर्वांत फायद्याचा भाग. कारखान्यातला अक्रोडाचा दस्ता सहज सव्वादोन पौंडांच्या पुढे जातो, आणि चांगला कार्बन फायबरचा दीड पौंडात मिळतो. त्यातही वजनापेक्षा मापाकडे पाहावे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बाजारात साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते, आणि ती इथल्या धिप्पाड माणसांना डोळ्यांपुढे ठेवून ठरलेली असते. आपल्यासारख्या मध्यम बांध्याच्या माणसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले जाड जाकीट अंगावर चढवून माप द्यावे. माझा दस्ता त्यामुळे अर्धा इंच कमी झाला आणि रायफल खांद्याला अडकणे थांबले. वरची कड सरळ असावी, म्हणजे धक्का गालात न येता सरळ मागे जातो. मऊ रबराच्या गादीत दोन औंस गेले तरी जाऊ द्यावेत.

मॅगझिनबाबत, म्हणजे काडतुसे साठवण्याच्या कप्प्याबाबत, वजनवेड्यांचा सल्ला असा असतो की खालचे झाकणच काढून टाकावे, दस्ता खालून बंद ठेवावा. त्यात दोन-तीन औंस वाचतात, पण मग प्रत्येक काडतूस बोल्ट मागेपुढे करून वरूनच काढावे लागते. या राज्यात गाडीत बसताना रायफलीच्या नळीत काडतूस असता कामा नये, म्हणून दिवसातून अनेकदा ती रिकामी करण्याची वेळ येते. अंधारात, गारठलेल्या बोटांनी, ट्रकजवळ उभे राहून हे करताना झाकण खाली उघडून सगळी काडतुसे तळहातावर घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. चापाचा भारही याच कारणासाठी अडीच-तीन पौंडांच्या खाली नेऊ नये. हातमोज्यांतून हलका चाप कळत नाही.

दुर्बिणीत सर्वांत स्वस्तात वजन वाचते. लांब पल्ल्यासाठीच्या, चकत्या फिरवायच्या दुर्बिणी वीस औंसांच्या पुढे सहज जातात. ३०० यार्डांच्या आतल्या शिकारीला त्यांची गरज नाही, ल्युपोल्डची २.५-८×३६ ही बारा औंसांच्या आतली आहे आणि टॅलीच्या एकसंध अ‍ॅल्युमिनियम रिंगांसह सगळे मिळून चौदा औंस होतात. हे आठ-दहा औंस रायफलीच्या सर्वांत वरच्या भागातून जातात, त्यामुळे ती हातात कलंडतही नाही.

माझ्या दुसऱ्या रायफलीचा हिशेब असा भरला: बोल्टसह टायटॅनियमची अ‍ॅक्शन २४ औंस, नळी ४० औंस, दस्ता २४, चाप व मॅगझिनचे सामान मिळून ६, दुर्बीण व रिंगा १४. एकूण १०८ औंस, म्हणजे बरोबर पावणेसात पौंड.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. फिनलंडमध्ये तयार होणारी टिक्का टी३एक्स लाइट ही तयार रायफल सुमारे सहा पौंडांची असते. तिच्यावर हीच दुर्बीण लावली तर वजन सात पौंडांच्या आतबाहेर येते, आणि माझ्या रायफलीला तिच्या कितीतरी पट खर्च आला. म्हणजे नुसते वजनच हवे असेल तर कस्टमच्या वाटेला जाऊ नये. मला त्या पैशांत माझ्या खांद्याचा दस्ता, हवा तो पीळ आणि हवा तो तोल मिळाला, आणि मला तो व्यवहार पटला. तुम्हाला पटेल का हे टिक्का एक हंगाम खांद्यावर वागवल्यावर कळेल, आणि नाही पटली तर ती विकायला अडचण येत नाही.

करून घ्यायचेच ठरले तर मागणी नोंदवण्याचा क्रम सांभाळावा. नळीची आणि दस्त्याची वाट महिनोन्‌महिने पाहावी लागते, म्हणून त्या आधी सांगाव्यात; दस्ता मागवताना नळीच्या जाडीचा नेमका क्रमांक कळवावा, कारण आतली खाच त्याच मापाने कापली जाते आणि ती चुकली की नळी लाकडाला किंवा कार्बनला टेकून नेम बिघडतो. नळी बसवणे, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) कापणे, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातले अंतर) तपासणे आणि बेडिंग (अ‍ॅक्शन दस्त्यात घट्ट बसवणे) ही कामे एकाच अनुभवी गनस्मिथकडे द्यावीत. सामान त्याच्याकडे सोपवताना तुम्ही वापरणार आहात त्या गोळीची पाच-सहा काडतुसेही मागावीशी वाटतात का, हे त्यालाच विचारावे; चांगला गनस्मिथ ती स्वतःहून मागतो, कारण चेंबरच्या पुढचा घसा त्या गोळीच्या लांबीनुसार कापायचा असतो.